सिम्युलेशनमध्ये सप्लाय स्वच्छ, प्रत्यक्षात चिप चुकते : पॉवर सप्लाय नॉइजचे मॉडेल कुठे तपासावे

स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे १३० नॅनोमीटरचे पीडीके (तिच्या कारखान्यासाठी चिप आखायला लागणारे नियम आणि मॉडेल यांचा संच) २०२० मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून आमच्या सांगली-मिरजेतले इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही स्वतःची छोटी चिप आखण्याचा विचार करू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या मुलांकडून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारी अडचण जवळजवळ एकसारखी असते. सिम्युलेशनमध्ये १.८ व्होल्टचा सप्लाय सरळ रेषेसारखा दिसतो, टायमिंगची सगळी गणिते जुळतात, आणि चिप बोर्डावर बसल्यावर आठही आउटपुट एकदम बदलले की आतला काउंटर एखादी गणती चुकतो, किंवा रिंग ऑसिलेटरच्या (इन्व्हर्टर वर्तुळात जोडून केलेल्या ऑसिलेटरच्या) कडा जागच्या जागी थरथरू लागतात. बेंच सप्लाय १.८ वरून १.९ व्होल्टवर नेला की दोष नाहीसा होतो. सर्वांत गोंधळात टाकणारे लक्षण म्हणजे क्लॉक ५० मेगाहर्ट्झवरून ३६ मेगाहर्ट्झवर उतरवला, तर दोष कमी होण्याऐवजी वाढतो.

ही चारही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर लॉजिकमध्ये चूक शोधण्यात वेळ घालवू नये. दोष बहुधा सप्लायच्या मॉडेलमध्ये असतो, आणि तो तिथे नेमका कुठे असतो याविषयी माझे मत ठाम आहे. करंट व्हीडीडीच्या, म्हणजे धन सप्लायच्या, वाटेने चिपमध्ये जातो आणि ग्राउंडच्या वाटेने परत येतो. नॉइज या पूर्ण फेरीवर तयार होतो, आणि आपण मात्र जाण्याची वाट काळजीपूर्वक काढून परतीची वाट गृहीत धरतो. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी मोजमापाची खात्री

मॉडेलला हात लावण्यापूर्वी ऑसिलोस्कोपवर दिसणारा नॉइज खरा आहे का, हे पाहावे लागते. साध्या पॅसिव्ह प्रोबला मगरचिमट्याची जी काळी वायर असते, ती १० सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरला, तर ती वायर १०० नॅनोहेन्रीची झाली. प्रोबचा स्वतःचा कपॅसिटन्स १० पिकोफॅरड असेल, तर या दोघांचा रेझोनन्स १५९ मेगाहर्ट्झला येतो. म्हणजे कुठलीही तीक्ष्ण कडा समोर आली की प्रोब स्वतःच त्या फ्रिक्वेन्सीला वाजू लागतो, आणि चिप व पॅकेज यांचा खरा रेझोनन्सही अनेकदा याच टापूत असल्याने पाहणारा सहज फसतो.

याची परीक्षा सोपी आहे. काळी वायर ज्या ग्राउंड पॅडवर लावली आहे, त्याच पॅडवर प्रोबचे टोकही टेकवावे आणि चिप चालू ठेवावी. तिथे शून्य दिसायला हवे. जे काही दिसते ते सर्व मोजमापाचे असते, चिपचे नसते. त्यानंतर प्रोबची टोपी काढून, टोकाजवळच्या धातूच्या कड्याभोवती स्प्रिंगसारखी तार गुंडाळून ग्राउंडची वाट काही मिलिमीटरवर आणावी. अशी स्प्रिंग प्रोबसोबत पुष्कळदा मिळते. ती हरवली असेल, तर मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याच्या तारेचा तुकडा आणून, त्यावरचे इनॅमल नीट खरवडून ती घरीही करता येते.

एवढे केल्यावरही बोर्डावरचे मोजमाप चिपच्या आत काय चालले आहे ते दाखवत नाही, कारण मध्ये पॅकेज असते. आतले पाहण्यासाठी सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे शांत पिन. आठपैकी एक आउटपुट कायम शून्यावर धरून ठेवावा, उरलेले सात एकदम बदलावेत, आणि त्या शांत पिनचा व्होल्टेज बोर्डाच्या ग्राउंडच्या संदर्भात पाहावा. त्या पिनच्या आतला एनएमओएस, म्हणजे आउटपुटला ग्राउंडकडे ओढणारा ट्रान्झिस्टर, चालू असल्यामुळे ती पिन म्हणजे चिपच्या आतल्या आउटपुट ग्राउंडकडे उघडणारी खिडकी ठरते. तिथे दिसणारी उसळी हा खरा ग्राउंड बाउन्स असतो. मॉडेलशी ताडून पाहायचा आकडा हाच.

शून्य क्रमांकाचा नोड

आता नेटलिस्ट, म्हणजे सर्किटमधले घटक आणि त्यांच्या जोडण्या यांची यादी, उघडावी. स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये शून्य क्रमांकाचा नोड हा संदर्भ असतो आणि त्याचा व्होल्टेज व्याख्येनेच शून्य असतो. चिपमधल्या प्रत्येक एनएमओएसचा सोर्स थेट शून्याला जोडलेला असेल, तर परतीचा करंट कितीही असो, त्या मॉडेलमध्ये ग्राउंड बाउन्स दिसणे शक्यच नाही. मला दाखवल्या जाणाऱ्या नेटलिस्टमध्ये हा प्रकार इतक्या वेळा आढळतो की मी आता आधी हेच पाहतो. व्हीडीडीच्या बाजूला बॉन्ड वायरचा (चिपला पॅकेजच्या पिनांशी जोडणाऱ्या बारीक तारेचा) इंडक्टन्स घातलेला असतो, त्याचा रेझिस्टन्सही घातलेला असतो, आणि ग्राउंडच्या बाजूला काहीच नसते.

परिणाम किती मोठा असतो हे आकड्यांत पाहू. आठ आउटपुट आहेत (त्यांचा सप्लाय आतल्या १.८ व्होल्टपेक्षा वेगळा, ३.३ व्होल्टचा धरू), प्रत्येकावर १५ पिकोफॅरडचा भार आहे, आणि तो ३.३ व्होल्टवरून शून्यावर ३ नॅनोसेकंदांत उतरतो. एका आउटपुटचा सरासरी करंट १६.५ मिलिअँपिअर आणि आठांचा १३२ मिलिअँपिअर होतो. हा करंट दीड नॅनोसेकंदात चढत असेल आणि परतीच्या वाटेचा इंडक्टन्स ५ नॅनोहेन्री असेल, तर चिपचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा सुमारे ०.४४ व्होल्टने वर उचलला जातो. आतल्या काउंटरने तोच ग्राउंड वापरला असेल आणि बाहेरून येणारा क्लॉक बोर्डाच्या ग्राउंडच्या संदर्भात असेल, तर त्या क्षणी क्लॉकची पातळी चिपला ०.४४ व्होल्टने खाली आल्यासारखी दिसते. गणती चुकण्याचे हे पुरेसे कारण आहे.

दुरुस्ती अशी करावी की चिपच्या आत स्वतंत्र व्हीडीडी नोड आणि स्वतंत्र ग्राउंड नोड असेल, दोन्हींकडून पॅकेजचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स बोर्डाकडे जाईल, आणि शून्याचा नोड फक्त बोर्डावर, सप्लायच्या मुळाशी एकदाच येईल. सबस्ट्रेट आणि वेलची जोडणीही आतल्या नोडलाच करावी. व्हीडीडी आणि ग्राउंडच्या बॉन्ड वायर शेजारी असतील, तर त्यांच्यातला परस्पर इंडक्टन्सही लिहावा, कारण विरुद्ध दिशेने जाणाऱ्या करंटमुळे फेरीचा एकूण इंडक्टन्स दोघांच्या बेरजेतून परस्पर इंडक्टन्सची दुप्पट वजा करून मिळतो. व्हीडीडी आणि ग्राउंडच्या पिना पॅकेजवर शेजारी-शेजारी का ठेवाव्यात याचे उत्तर या वजाबाकीत आहे, आणि ते मॉडेलमध्ये घातले नाही, तर पिनांच्या दोन मांडण्यांत फरकच दिसणार नाही.

सरासरी करंटने फसवू नये

लोड म्हणून ५ मिलिअँपिअरचा स्थिर करंट सोर्स जोडलेला असेल, तर नॉइज दिसणार कसा? ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा आवर्तकाल २० नॅनोसेकंद असतो, म्हणून ५ मिलिअँपिअर सरासरी म्हणजे दर आवर्तनाला १०० पिकोकूलोम चार्ज. तो सगळा चार्ज क्लॉकच्या कडेनंतर सुमारे १ नॅनोसेकंदाच्या त्रिकोणी स्पंदात ओढला जातो असे मानले, तर स्पंदाचे शिखर २०० मिलिअँपिअर होते, म्हणजे सरासरीच्या चाळीस पट. ट्रान्झिस्टर पातळीचे पूर्ण सिम्युलेशन जड पडत असेल, तर असा त्रिकोणी स्पंद आतल्या व्हीडीडी आणि आतल्या ग्राउंड नोडच्या दरम्यान जोडून काम भागते. तो व्हीडीडी आणि शून्य यांच्यामध्ये मात्र जोडू नये, नाहीतर परतीची वाट पुन्हा हरवते.

इम्पिडन्सचा आलेख

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मी आग्रहाने सांगतो. वेळेच्या अक्षावरचे लहरींचे चित्र पाहून दोषाचे कारण क्वचितच कळते. त्याऐवजी चिपच्या आतल्या दोन नोडच्या दरम्यान १ अँपिअरचा एसी करंट सोर्स जोडावा, बेंच सप्लायला शून्य एसी द्यावा आणि एसी ॲनालिसिस चालवावा. त्या दोन नोडमधला व्होल्टेज म्हणजे थेट ओहममधला इम्पिडन्स, अर्थात त्या फ्रिक्वेन्सीच्या करंटला होणारा एकूण विरोध. एनजीस्पाइस या मुक्त सिम्युलेटरमध्ये हे काम क्षणात होते.

छोट्या चिपसाठी एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. चिपच्या आतला कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड, पॅकेजच्या पूर्ण फेरीचा इंडक्टन्स ५ नॅनोहेन्री आणि रेझिस्टन्स ०.४ ओहम. रेझोनन्स ७१ मेगाहर्ट्झला येतो आणि तिथे इम्पिडन्स साडेबारा ओहमच्या आसपास चढतो. क्लॉकच्या ५० मेगाहर्ट्झला तो सुमारे ३.१ ओहम असतो. अरुंद स्पंदांच्या मालिकेत मूळ फ्रिक्वेन्सीच्या घटकाचा आयाम सरासरीच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून ५ मिलिअँपिअर सरासरीला १० मिलिअँपिअर धरावा. त्यातून ३१ मिलिव्होल्टचा नॉइज मिळतो.

सुरुवातीचे कोडे इथे सुटते. क्लॉक ३६ मेगाहर्ट्झवर आणला की त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा घटक) ७२ मेगाहर्ट्झला, म्हणजे शिखराच्या अगदी माथ्यावर जाऊन बसतो. सरासरी करंट कमी होऊनही नॉइज वाढतो तो यामुळे. क्लॉक हळू केल्यावर दोष वाढला, तर रेझोनन्सविषयी आणखी पुराव्याची फारशी गरज उरत नाही.

यानंतर बहुतेक जण आतले डीकॅप सेल, म्हणजे सप्लाय स्थिर ठेवणारे कपॅसिटर, दुप्पट करतात, आणि नेमके इथे सावध राहायला हवे. कपॅसिटन्स २ नॅनोफॅरड केला की रेझोनन्स ७१ वरून ५० मेगाहर्ट्झवर उतरतो, म्हणजे थेट क्लॉकवर. शिखराची उंची जवळपास निम्मी झालेली असते, पण ५० मेगाहर्ट्झचा इम्पिडन्स ३.१ वरून सुमारे ६.४ ओहम होतो आणि नॉइज ३१ वरून ६४ मिलिव्होल्टवर जातो. जागा खर्च करून नॉइज दुप्पट करून घेतल्यासारखे होते. जागेचा हिशेबही लहान नाही. ४ नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडचा कपॅसिटन्स दर चौरस मायक्रॉनला साडेआठ फेम्टोफॅरडच्या आसपास येतो, म्हणून १ नॅनोफॅरडसाठी ०.१२ चौरस मिलिमीटर लागतात, आणि विद्यार्थ्याच्या चिपवर ती जागा मोलाची असते.

माझ्या मते अशा वेळी कपॅसिटन्सपेक्षा डॅम्पिंगची, म्हणजे रेझोनन्सची लहर विझवण्याची, गरज असते. मूळच्याच १ नॅनोफॅरडच्या डीकॅपला २ ओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये दिला, तर ७१ मेगाहर्ट्झचा इम्पिडन्स साडेबारावरून ३ ओहमच्या खाली येतो आणि ५० मेगाहर्ट्झलाही तो सुमारे २.१ ओहम होतो. याची किंमत म्हणजे अत्यंत जलद स्पंदासाठी तो २ ओहम आडवा येतो, आणि २०० मिलिअँपिअरच्या शिखराला ४०० मिलिव्होल्टचा खड्डा पडू शकतो. म्हणून सगळ्या डीकॅपला रेझिस्टन्स देऊ नये. काही भाग लॉजिकच्या अगदी शेजारी तसाच ठेवावा, उरलेला डॅम्प करावा, आणि दोघांचे प्रमाण आलेख पाहून ठरवावे. लॉजिक सेलचा स्वतःचा कपॅसिटन्सही डॅम्प न होता समांतर राहतो, हे मॉडेलमध्ये विसरू नये. पिना शिल्लक असतील, तर ग्राउंडची आणखी एक पिन देऊन इंडक्टन्स घटवणे हा याहून स्वच्छ उपाय आहे, आणि आठ आउटपुट थोड्या थोड्या अंतराने बदलणे हा सर्वांत स्वस्त.

चिपमधल्या पट्ट्या

पॅकेज नीट झाल्यावरही चिपचा एखादा कोपराच चुकत असेल, तर आतल्या धातूच्या पट्ट्यांचा रेझिस्टन्स पाहावा. आपल्याकडे शेतीची थ्री-फेज आली की एका डीपीवरच्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि लाइनच्या शेवटच्या मोटारीला व्होल्टेज पुरत नाही. चिपमध्येही ओहमचा तोच नियम चालतो. या १३० नॅनोमीटर प्रक्रियेत स्टँडर्ड सेलची (लॉजिकच्या तयार ठोकळ्यांची) पट्टी पहिल्या मेटलची, सुमारे अर्धा मायक्रॉन रुंद असते आणि तिचा रेझिस्टन्स दर चौरसाला (पट्टीच्या रुंदीइतक्याच लांबीच्या तुकड्याला) ओहमच्या आठव्या भागाइतका असतो. उभे पॉवर स्ट्रॅप १५० मायक्रॉन अंतरावर असतील, तर मधल्या सेलपासून प्रत्येक बाजूला ७५ मायक्रॉन म्हणजे १५० चौरस, अर्थात १९ ओहम, आणि दोन बाजू समांतर धरून साडेनऊ ओहम. तिथे क्षणभर १० मिलिअँपिअर ओढला गेला, तर व्हीडीडीच्या पट्टीवर ९५ मिलिव्होल्ट पडतात आणि ग्राउंडच्या पट्टीवरही तेवढेच. सेलला मिळणारा व्होल्टेज दोन्ही बाजूंनी कमी होतो.

ओपनरोड या चिप आखण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमधला पीडीएनसिम आयआर ड्रॉपचा, म्हणजे पट्ट्यांच्या रेझिस्टन्समुळे पडणाऱ्या व्होल्टेजचा, नकाशा काढून देतो, तो जरूर पाहावा. मात्र तो नकाशा सरासरी पॉवरवर काढलेला असेल, तर स्पंदाचे शिखर त्यात नसते, आणि पॅकेजचा इंडक्टन्सही नसतो. नकाशा हिरवा आला म्हणून चिप निर्दोष ठरत नाही. व्हीडीडी आणि ग्राउंड या दोन्ही नेटचे नकाशे काढून एकाच सेलसाठी त्यांची बेरीज करावी.

सिम्युलेटरने दाखवलेले आणि लपवलेले

ट्रान्झिएंट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे वेळेच्या अक्षावरच्या सिम्युलेशनमध्ये, कमाल टाइमस्टेप स्वतः द्यावा. १ नॅनोसेकंदाचा त्रिकोण नीट उमटायला ५० पिकोसेकंदांच्या आसपासचा स्टेप लागतो. यापेक्षा गंभीर बाब इंटिग्रेशनच्या पद्धतीची आहे. ट्रॅपेझॉइडल पद्धत काही वेळा दर स्टेपला वर-खाली उडणारी खोटी लहर तयार करते, तर गिअर पद्धत स्टेप मोठा असताना खरी लहरसुद्धा विझवून टाकते. दोन्ही पद्धतींनी, आणि स्टेप निम्मा करून, तेच चित्र आले तर ते खरे मानावे. लहरीची फ्रिक्वेन्सी स्टेपबरोबर बदलत असेल तर ती गणिताची आहे. स्टेप लहान केल्यावर आयाम वाढत असेल, तर आधीचा मोठा स्टेप खरा नॉइज झाकत होता. इम्पिडन्सच्या आलेखातले शिखर आणि ट्रान्झिएंटमधल्या लहरीची फ्रिक्वेन्सी जुळली पाहिजे, ही त्यावरची हुकमी पडताळणी.

बोर्डावरच्या कपॅसिटरविषयी थोडक्यात. १०० नॅनोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरला बसवणीसह १ नॅनोहेन्री धरला, तर तो १६ मेगाहर्ट्झच्या वर इंडक्टरसारखा वागतो; ७१ मेगाहर्ट्झचे शिखर तो मोडू शकत नाही. एक्स५आर किंवा एक्स७आर जातीच्या कपॅसिटरचा कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज लागल्यावर घटतो, आणि आकाराने लहान व जास्त मूल्याच्या कपॅसिटरमध्ये ही घट मोठी असते, म्हणून उत्पादकाच्या आलेखावरून प्रत्यक्ष व्होल्टेजचे मूल्य घेऊनच मॉडेलमध्ये लिहावे.

हे सर्व करूनही मोजमाप आणि मॉडेल जुळत नसेल, तर मदत मागताना नेटलिस्टबरोबर चार गोष्टी पाठवाव्यात : प्रोबचे टोक ग्राउंडवरच टेकवून घेतलेले चित्र, शांत पिनवरचे चित्र, चिपच्या आतल्या दोन नोडमधला १ ते ५०० मेगाहर्ट्झचा इम्पिडन्स, आणि पॅकेजवरील व्हीडीडी व ग्राउंड पिनांचा नकाशा. क्लॉक ३० ते ६० मेगाहर्ट्झच्या दरम्यान हळूहळू फिरवून दोष कोणत्या फ्रिक्वेन्सींना वाढतो याची नोंदही सोबत असावी, कारण त्या नोंदीवरून रेझोनन्सची जागा थेट वाचता येते आणि मॉडेलमधला इंडक्टन्स कोणत्या बाजूला चुकला आहे हे नेटलिस्ट उघडण्याआधीच कळते.